आईचं उत्तर आधी येतं

७ जानेवारी
आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो त्या तीन नंबरच्या खोलीतले पाहुणे आज गेले. एक बाई, तिचा माझ्याएवढा मुलगा आणि ढीगभर बॅगा. खोली झाडताना आईला कपाटावर एक पुस्तक मिळालं, विटेएवढं जाड. सॅटच्या तयारीचं. बाहेरच्या देशात कॉलेजला जायचं तर ही परीक्षा देतात, एवढंच ऐकून होते. आईने बाईंना मेसेज केला. उत्तर लगेच: ठेवा नाहीतर टाका, मुलगा परीक्षा देत नाही म्हणतो.
का देत नाही? पान ८८ पर्यंत पेन्सिलीने उत्तरं आहेत. पुढे कोरं.

९ जाने.
एक उतारा सोडवून बघितला. दहातली चार बरोबर. अकरावी सायन्सला आहे, इंग्रजीतून शिकते, तरी चार. मागे नुसती उत्तरं नाहीत, चुकीचा पर्याय का चूक तेही लिहिलंय. आमच्या पुस्तकांत हे कुणी सांगत नाही. बरोबर आलेल्यांपेक्षा चुकलेलीच वाचत बसले.

१५ जाने.
पुस्तक कॉलेजात नेलं. कांबळी मॅडमना दाखवलं. त्या आम्हाला फिजिक्स शिकवतात, डिचोलीहून रोज पेडण्याला येतात. म्हणाल्या, "पाठांतर चालत नाही ह्यात. ऑक्टोबरात देऊन बघ."
मी म्हटलं, मी?
"पुस्तक कोणाकडे आहे?"
तिकडे शिकायचं तर पूर्ण स्कॉलरशिप लागेल, ती फार थोड्यांना मिळते, हेही लगेच सांगितलं. त्या कधी गोड बोलत नाहीत, म्हणून बरं वाटलं.

२ फेब्रु.
उतारा चक्क कासवांवर. समुद्रातून वाट कशी शोधतात, जन्मलेल्या किनाऱ्यावरच परत कशी येतात. म्हटलं हा तर आपलाच. मोरजीत राहून कासवं चुकतील? पाचातले तीन चुकले. मला जे माहीत होतं ते उताऱ्यात नव्हतंच. उताऱ्यात नसेल तर खरं असूनही उत्तर चूक. अजब परीक्षा.
संध्याकाळी तेंबवाड्याच्या किनाऱ्यावर गेले. कासवांच्या घरट्यांवर राखण करणारे काका तिथेच बसून होते. विचारलं, तीच कासवं परत येतात हे खरं का हो?
"पंदरा वर्सां बघतंय. तीच की दुसरी, ता त्यांच्या पाठीवर लिवलेला नसता गो."
हे उत्तरही उताऱ्यात नव्हतं.

१८ फेब्रु.
हे लिहून ठेवायलाच हवं.
गणित: दोन संख्यांची बेरीज १०, गुणाकार १९, तर वर्गांची बेरीज किती? मी समीकरण मांडलं, वर्गमूळ आलं, सगळा गोंधळ. आई बाजूला तिसऱ्यांच्या शिंपल्या फोडत होती. मी गणित मोठ्याने वाचलं होतं बहुतेक. म्हणाली, "बासष्ट."
मागे बघितलं. ६२.
कसं काढलंस? "शंभरातून दोनदा एकोणीस काढ." आणि परत तिसऱ्या.
संख्या शोधायच्याच नव्हत्या. त्या कुणी विचारल्याच नव्हत्या.

१९ फेब्रु.
आईबद्दल मला काय माहीत आहे? माहेर पलीकडे सिंधुदुर्गात, आरोंद्याला. शाळा मराठीतून. बारावीला गणितात कॉलेजात पहिली. पुढे लग्न ठरलं म्हणून शिक्षण सोडलं. संपलं. हे सगळं तीन ओळींत बसतं हे आज कळलं.

५ मार्च
आईने स्वतःची वही केली. दुपारी खोल्यांचं काम आटपलं की अर्धा तास बसते. तिचे शब्द वेगळे: सहगुणक, वर्गसमीकरण, छेदिका. मी इंग्रजी शब्द सांगते, ती समोर मराठी लिहिते. 'अंडरमाईन' आम्हा दोघींना अडला. मॅडमना विचारला तर म्हणाल्या, खालून खणत जायचं, वरचं आपोआप खचतं. आमच्या खाणींच्या डिचोलीत हा शब्द शिकवावा लागत नाही.

११ मार्च
आईने 'क्वाड्रॅटिक' वाचलं ते 'क्वॉड्रिट्रॅक' असं काहीतरी. मला हसू आलं. बाबांनाही सांगितलं जेवताना, तेही हसले. आई पण हसली.

१६ मार्च
चार दिवस आईने वही उघडली नाही. मी कामामुळे समजत होते. आज तीच वही गॅसच्या ओट्याखाली, वर बटाट्यांची पिशवी. काढून पुसली. "ये ना, एक अडलंय," म्हटलं. अडलेलं नव्हतं. तिला ते कळलं असणार. तरी आली.

२२ एप्रिल
बाबांना शेवटी नीट सांगितलं. ते वीज खात्यात लाईनमन. खांबावरची माणसं घाईने बोलत नाहीत, असं आई म्हणते. बराच वेळ पाव चहात बुडवत राहिले.
"किती वर्सां?"
चार.
"आणि जावंक मेळूक ना तर?"
तर इथेच कॉलेज. परीक्षा देऊन बघायची आहे. मला बघायचंय मला जमतं का.
"बघ मगे," म्हणाले. परीक्षेची फी भरायच्या दिवशी मी आठवण करून द्यायच्या आत त्यांनी विचारलं.

३० मे
परीक्षेला ओळख म्हणून पासपोर्टच लागतो, त्यासाठी पोलीस चौकशीला आले. माझं नाव, पत्ता, सही, दोन मिनिटं. मग बाबांना म्हणाले, आमच्या घरचं मीटर उगाच फिरतं, जरा बघाल? अर्धा तास मीटरवरच बोलणं. मी परदेशात कशाला जाते हे विचारलंच नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, इंग्रजीतून.

१२ ऑगस्ट
रविवार. पूर्ण सराव पेपर, घड्याळ लावून. आई म्हणाली, गणिताच्या भागाला मीही बसते. मेजाच्या एका बाजूला मी, एका बाजूला ती. जनेलातून डोकावून शेजारणीने दोनदा हाक मारली, आईने ओ दिली नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.
गणित: माझ्या सात चुका. तिच्या दोन. त्या दोन्ही शब्दांच्या, गणिताच्या नाहीत.
बाबा दोन्ही कागद घेऊन उभे. पुन्हा पुन्हा तपासत होते. मग मला म्हणाले, "तुझी आवय इतकी हुशार?" ती आत भांडी घासत होती.

२० सप्टें.
गोव्यात जागा नाही, पुण्याचं केंद्र आलं. आई सोबत येणार. तिच्या मावसबहिणीकडे उतरायचं.

६ ऑक्टोबर, पुणे
झाली. पेन्सिलीने गोल काळे करत सुटायचं. बाकीच्या मुलांकडे बघायला वेळ नव्हता, तरी बघितलं. एक मुलगी उताऱ्यावर बोट ठेवून ओठ हलवत वाचत होती, माझ्यासारखी. इंग्रजीचा एक भाग पुरा झाला नाही, पाच प्रश्न राहिले. गणित बरं. एका गणिताला हात घातला आणि एकदम 'संख्या शोधायच्या नाहीत' हे आठवलं. सुटलं.
बाहेर आई झाडाखाली, इतर पालकांत. चेहरा कसातरी. विचारलं तर "ऊन लागला."

७ ऑक्टो.
बसमध्ये, कोल्हापूर मागे पडल्यावर आई आपणहून बोलली. झाडाखाली एका बाईने तिला विचारलं होतं, तुमचं शिक्षण किती? ती म्हणाली, बी.एस्सी., दोन महिने. बाई हसल्या, त्यांना वाटलं गंमत करते.
मी म्हटलं, लग्न ठरलं म्हणूनच ना सोडलंस?
"नाय."
मग थांबत थांबत सांगितलं. बारावीपर्यंत सर मराठीतूनच समजावायचे. मग सावंतवाडीला कॉलेजात नाव घातलं. पहिल्याच दिवसापासून सगळं इंग्रजीतून. फळ्यावरचं गणित कळायचं, सर बोलायचे ते नाही. दोन महिने रोज जाऊन बसायची. एकदा सरांनी तिला उभं करून काहीतरी विचारलं. प्रश्नच कळला नाही. वर्ग हसला.
"उत्तर माका येत होता बाय. मागसून कळला. फळ्यार लिवल्यानी तेवा."
दुसऱ्या दिवसापासून गेली नाही. घरी पोटात दुखतं म्हणाली. पुढे लग्न ठरलं तेव्हा लग्न हेच कारण सगळ्यांना सांगितलं. लग्न कॉलेज सोडल्यावर दीड वर्षाने झालं. बारावीचं आणि लग्नाचं, दोन्ही वर्षं मला माहीत होती. वजाबाकी कधी केली नव्हती.
मार्चमध्ये मी हसले होते. आईने ते काढलं नाही. मीच काढलं. ती म्हणाली, "तू माका परत बोलावलंस. त्या सरांनी नाय बोलावल्यानी." आणि शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

१४ ऑक्टो.
आईला विचारून बाबांना सांगितलं. ते ओट्यावर बूट पुसत होते. पुसायचे थांबले.
"माका सांगलेला, लग्नासाटी सोडलंय म्हणान. माका तेवा बरां वाटलेला." मग बूट खाली ठेवून, "मी कदी विचारूकच नाय."
नंतर आत गेले. काय बोलले दोघं ते ऐकू आलं नाही. ऐकायचा प्रयत्न केला होता.

२६ ऑक्टो.
मार्क आले. गणित ७६०, इंग्रजी ६१०. मॅडम म्हणाल्या, गणित उत्तम, इंग्रजी चालेल, चार ठिकाणी अर्ज करू. मग पर्समधून दुसरा एक फॉर्म काढला. मुक्त विद्यापीठाचा, मराठीतूनही शिकता येतं. "हा घरी दे." मी त्यांना काय सांगितलं होतं? काहीच नाही, फक्त सराव पेपरातल्या आईच्या दोन चुका. पण मॅडमना पुरलं.
आईने फॉर्म वाचला, घडी घातली, तांदळाच्या डब्याखाली ठेवला.

३ डिसें.
अर्जासोबत निबंध: तुम्हाला कशाबद्दल कुतूहल वाटतं? तीन वेळा कासवांवर लिहिला, तिन्ही फाडले. कुणीतरी आधीच सांगितल्यासारखे वाटत होते. शेवटी माणसाला माहीत असलेलं उत्तर कधीकधी का देता येत नाही, ह्यावर लिहिला. आईचं नाव घातलं नाही. तिला वाचून दाखवला, मराठीत करून. म्हणाली, शेवटचं वाक्य काढ, उगीच शहाणपणा. काढलं.

२४ मार्च
बारावीचे पेपर संपले. अर्जांची उत्तरंही आली. दोन कॉलेजं नाही म्हणाली. तिसरं ये म्हणतं, पण स्कॉलरशिप नाही, म्हणजे तेही नाहीच. चौथ्याने प्रतीक्षा यादीत ठेवलंय. यादीत राहायचं असेल तर तसं कळवा, मेपर्यंत सांगू.
रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. ती यादी कशी लावतात, माझ्या पुढे कोण असेल, ह्याचाच विचार करत बसले. ओठ हलवत वाचणारी ती मुलगी पण असेल का?

२ एप्रिल
बाबा म्हणतात, पणजीच्या कॉलेजचा फॉर्मही भरून ठेव. भरला. आईच्या फॉर्मचं मी विचारत नाही. डब्याखाली आहे. तांदूळ काढताना डबा उचलते, खाली बघते, परत ठेवते.

९ एप्रिल
यादीत राहायचं का, हे कळवायचा आज शेवटचा दिवस. सकाळी पोदेर पाव देऊन गेला तेव्हापासून तेच पान उघडून बसले होते. 'हो' आणि 'नाही', दोन बटणं. ह्यात उतारा नाही, मागे उत्तरंही नाहीत.
आई चादरी वाळत घालून आली. बाजूला बसली. स्क्रीनवरचं सगळं स्वतः वाचलं, सावकाश, एकेक शब्द. 'वेटलिस्ट' बरोबर वाचलं.
मग म्हणाली, "थय शिकवतले ता तुका कळात?"
सगळं नाही कळणार बहुतेक. माहीत नाही.
"मगे विचार. पयल्याच दिवशी हात वर कर. कोण हसलो तरी."
मी 'हो' दाबलं. ती उठली नाही. मला म्हणाली, जरा पेन दी. कशाला ते मी विचारलं नाही. पेन दिलं.