सालोमीच्या हातातलं पुस्तक

उमेळे, वसई
१२ मार्च १९९९

प्रिय प्रेमलता,

तुझं पोस्टकार्ड सोमवारी आलं आणि त्याच आठवड्यात मी उत्तर लिहायला बसले आहे, हे बघून तुला धक्काच बसेल. गणपतीनंतर तू लेकाकडे, केयूरकडे, नाशिकला राहायला गेलीस. तेव्हापासून तुझी कार्डं नियमाने येतात आणि मी ‘आम्ही सर्व खुशाल’ असं खरडून मोकळी होते. आळशी मी शाळेपासूनच. माझे निबंध तू लिहून द्यायचीस आणि बाई माझ्या वळणदार अक्षराचं कौतुक करायच्या, विसरलीस का? पण आज घर शांत आहे. सिप्रियन कामावर गेलाय, सालोमी मागच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली आहे, आणि आज मी तुला सगळं सांगणार आहे. चहा करून घे आणि मग वाच.

आधी तुझ्या वाडीची खबर. विकली गेली तरी ती अजून आहे तशीच आहे. कुंपणाला पत्रे ठोकलेत, मोठा फलक लावलाय, त्यावर इमारती, झोपाळे आणि कारंजी रंगवली आहेत. पण केळींना कुणी हात लावलेला नाही आणि बावखलही बुजवलेलं नाही, त्याच्या पाण्यावर अजून तुझ्या चाफ्याची फुलं तरंगतात. काठावर पडलेली फुलं सालोमी पत्र्याच्या फटीतून हात घालून वेचते आणि आळीतल्या क्रुसाला वाहते. मी म्हटलं, अगं, ही चोरी झाली. तर म्हणते, मावशीची फुलं आहेत, मावशी दरवर्षी द्यायचीच.

त्या क्रुसापाशीच तर सगळं सुरू झालं. मे महिन्यात रोज संध्याकाळी आळीतली माणसं तिथे जमतात, आधी जपमाळ होते आणि मग लितानी. एकाने पुस्तकातून मरियामातेचं एकेक नाव वाचायचं आणि बाकीच्यांनी मागून विनंती करायची. तू देवळात जाणारी, पण मोगऱ्याचा हार घेऊन तूही यायचीस, तुझ्या सासूबाईंपासून चालत आलेली रीत म्हणून. गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी लितानीचा मान सालोमीला मिळाला. पोरगी पुस्तक धरून, ओळीखालून बोट फिरवत, एकही नाव न चुकता घडाघडा वाचत गेली. आग्नेस, माझी नणंद, तिचे तर डोळे भरून आले. मी ताठ मानेने उभी होते. तिसरीत नापास झालेल्या माझ्या मुलीने सगळ्यांची तोंडं बंद केली असं मला वाटत होतं. तू तिच्या शेजारी उभी होतीस. सगळे चणे खात पांगले, पण तू तिच्या हातातल्या पुस्तकाकडेच बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी तू मला केळीत गाठलंस आणि आडवळण न घेता सांगितलंस, की तिच्या हातात लितानीचं पुस्तकच नव्हतं. दोन्हींना खाकी कागदाचं कव्हर, घाईत तिने गायनाचं पुस्तक उचललं होतं. बोट फिरत होतं गाण्यांवरून आणि तोंडातून लितानी येत होती. तू म्हणालीस, तुझी पोर फार हुशार आहे आणि तिला एक अक्षर वाचता येत नाही. मला तुझा असा राग आला म्हणून सांगू! घरी जाऊन मी तिच्यापुढे वर्तमानपत्र ठेवलं. ती त्याकडे नुसती बघत राहिली. ती रडली नाही गं, मीच रडले. शाळेतल्या बाई तिला ढ म्हणायच्या, आग्नेस म्हणायची की पोरगी लाडाने बिघडली आहे. हुशार आहे आणि वाचता येत नाही, या दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारी तू एकटीच निघालीस. मी तेव्हा तुझे आभार मानले नाहीत. आज मानते आहे, मनापासून.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांत शाळेची तपासणी होती. बाईंनी निरोप धाडला की साहेब येणार आहेत, त्या दिवशी सालोमीला घरी ठेवा. वाईट बाई नाहीत त्या, साठ मुलांना एकट्या सांभाळतात, आणि साहेबांनी नेमकं हिलाच उठवलं तर त्यांची नाचक्की. पण सालोमी गणवेश घालून दारात उभी होती आणि मला तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवून घ्यावं लागलं. त्यांनी एक दिवस घरी ठेवायला सांगितलं होतं, मी कायमची ठेवली.

मग काय विचारतेस! आग्नेस येऊन तावातावाने बोलून गेली, की आपल्या घरातल्या बायका शिकून नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या, आणि तू पोरीला चुलीपाशी बसवणार? बहिणीचं ऐकून सिप्रियन दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मागच्या भिंतीवर काळा रंग मारून फळा केला आणि मला जूनपर्यंतची मुदत दिली. तोवर वाचायला लागली तर ठीक, नाहीतर तिने पुन्हा तिसरीत, लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसायचं. सालोमी दाराआडून हे ऐकत होती. त्या दिवशी ती जेवली नाही. मी खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिले खरी. मी कुठली शिक्षिका, माझे तर निबंधही तुझेच!

आणि पहिलीच चूक मी अशी केली की आपल्या वसईतल्या बाईलाच करता यावी. तिला येतं तेच आधी वाचू दे, असं म्हणून मी फळ्यावर प्रार्थना लिहिल्या. आठवड्याभरात पोरगी खाडखाड वाचायला लागली. मी हर्षाने वेडी झाले, मिस्सा झाल्यावर फादरांना सांगून आले, आग्नेसलाही मुद्दाम ऐकवलं. मग एका सकाळी गंमत म्हणून मी शेवटची ओळ वर लिहिली आणि पहिली खाली. सालोमीने ती प्रार्थना नेहमीसारखीच, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. प्रेमा, मी ओट्यावर मटकन बसले आणि हसत सुटले. ती बिचारी घाबरली, मग तीही हसायला लागली. आमच्या घरात दूध सोडायच्या आधी पोरांच्या तोंडी प्रार्थना बसते. तिने आयुष्यात ऐकलेलं नाही असं वाचायला आणायचं तरी कुठून? गाणी, संतांच्या गोष्टी, सगळं तिला पाठ.

नेमकं तेव्हा तुझं पहिलं कार्ड आलं. घरी आलेलं कुठलंही पत्र मी मोठ्याने वाचत असे. त्या दिवशी मी तोंड मिटलं आणि कार्ड तिच्या हातात दिलं. त्यात काय आहे ते तिला माहीत नव्हतं, आणि मीही सांगणार नव्हते. तुझं ते टपोरं, सुटं अक्षर, ज्याने तू शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायचीस! पहिली ओळ लागायला तिला तीन दिवस लागले. ‘घ’ आणि ‘ध’ तिला जुळी भावंडं वाटायची, ‘भ’ आणि ‘म’ तर एकमेकांच्या घरात शिरायची. मग रविवारी सिप्रियन आम्हाला स्कूटरवरून राजोडीला न्यायचा. ओल्या वाळूत तो पायाने खाटेएवढं अक्षर काढायचा आणि ती त्यावरून चालायची. ‘भ’ची गाठ आली की गिरकी घ्यायची, ‘म’वरून सरळ जायचं. जूनची मुदत देणारा माणूस पँट दुमडून वाळूत बाराखडी काढत होता! तिथली मासळीवाली आपल्या आळीत येते ना, तिला वाटे पोर आजारीच आहे. रोज विचारायची, “पोरीला बरा नाय का गो?” शेवटी मी सांगितलं, हीच हिची शाळा. तेव्हापासून ती पाटी उतरवून “जरा पानी दे” म्हणते आणि सालोमी वाचत असेल तर ओळ पुरी होईपर्यंत उठत नाही.

अशी तुझी सगळी कार्डं झाली. केयूरच्या गच्चीतली मिरची, सूनबाई रिद्धीने केलेला उंधियू, गोदेचा पूर, सगळं सालोमीने अक्षर अक्षर करून वाचलं. दुसरं काही वाचायचं धाडस तिने नाताळनंतर केलं, आता वर्तमानपत्रातला मोठा मथळा लागतो. हळू वाचते, अडते, चिडते. पण वाचते. गेल्या रविवारी सिप्रियनने जूनचा विषय आपणहून काढला आणि म्हणाला, फळ्याला आणखी एक हात रंग द्यायला हवा. देवाचे किती आभार मानू, आणि तुझे किती?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. सोमवारचं तुझं कार्ड माझ्या हाती असतं तर ‘येथे सर्व मजेत’ वाचून मी ते कपाटात ठेवून दिलं असतं, नेहमीसारखं. सालोमीला तसं वाचता येत नाही. ती एकही शब्द सोडत नाही, कडेला दाटीवाटीने लिहिलेलासुद्धा. तिने मला विचारलं, मावशी मजेत आहे तर ती तुळशीशी का बोलते? कुठे लिहिलंय, म्हणून मी कार्ड ओढून घेतलं. तू लिहिलं होतंस, सगळी माणसं चांगली आहेत, पण दिवसभर घरात कुणी नसतं, आपल्या वाडवळी बोलीतला एक शब्द कानावर पडत नाही, म्हणून परवा पाणी घालताना तुळशीशीच बोलले. मोजून दोन ओळी, पत्त्याच्या बाजूला. मला दिसल्या नसत्या गं. गेल्या वर्षी माझ्या लेकीचं तुला दिसलं, यंदा तुझं माझ्या लेकीला दिसलं. तू ये. केयूरला मी वेगळं लिहिते, तो अडवणार नाही. मागची खोली सिप्रियनने चुना लावून ठेवली आहे, आणि तुळस लावायला सालोमीने अंगणातली जागाही निवडली आहे. मे महिनाभर राहा, पुढेही राहावंसं वाटलं तर राहा. लितानीचा मान यंदाही सालोमीलाच मिळणार आहे. तू मोगरा घेऊन तिच्या शेजारी उभी राहा आणि तिच्या हातात कुठलं पुस्तक आहे ते नीट बघून घे. मग घरी येऊन ओट्यावर बस आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं आपल्या वाडवळीत बोल. ऐकायला आम्ही दोघी आहोत.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
लिडिया