अनुमोदकाचा नंबर

बाबा, दोन वर्षांपूर्वी माझी बदली तुमच्याच ग्रामपंचायतीत झाली. पनवेलहून एसटी पकडायची, खाडीच्या बांधाशी उतरायचं आणि तुम्ही जिथे बसून ठराव लिहीत होतात तिथे बसून ठराव लिहायचे. खुर्ची बदलली आहे, सभा तीच. तुमच्यानंतर अनुकंपेवर मला ही ग्रामसेवकाची नोकरी मिळाली, तेव्हा आई म्हणाली होती, बाबांचं नाव राख. ते राखताना काय काय गिळलं, हे तिला कधी सांगितलं नाही.

या महिन्याची मासिक सभा कशी झाली ते ऐका. वेळ अकराची, सरपंच आले साडेबाराला. सदस्य नऊ, आलेले सहा. उरलेल्या तिघांच्या सह्या दुसऱ्या दिवशी घरी जाऊन घ्यायच्या, म्हणजे तेही हजर. पहिला अर्धा तास एका सदस्याच्या पुतण्याच्या अभिनंदनात गेला, कारण ठरावात 'घवघवीत यश' लिहायचं की 'नेत्रदीपक यश' यावर दोन गट पडले. मग समोसे आले. पाण्याच्या टाकीला झाकण बसवण्याचा विषय चौथ्यांदा पुढे ढकलला. टाकीत कबुतर मेलेलं सापडलं होतं, तरी. सरपंच म्हणाले, "मॅडम, झाकण काय पळून चाललंय का?" मी म्हटलं, "झाकण नाहीच आहे." त्यावर सगळे मनापासून हसले, आणि विषय संपला. या लोकांना काही वाईट करायचंही नसतं, बाबा. त्यांना काहीच करायचं नसतं, आणि वाईट आपोआप होत जातं.

खरं काम आयत्या वेळच्या विषयांत ठेवतात, तुमच्यासारखंच. पोटं भरलेली, डोळे मोबाइलवर, निघायची घाई. तेव्हा सरपंचांनी कागद काढला. तुमच्या वेळी धक्क्यालगतचं मासळी सुकवायचं अर्धं मैदान ट्रेलर उभे करायला दिलं होतं, त्याच कंपनीला आता उरलेलं अर्धं हवं आहे. ग्रामपंचायतीने नाहरकत द्यायची. "कोणाची काही हरकत नाही ना," असं ते कागदाकडे बघूनच म्हणाले.

एक सदस्या उभी राहिली. कोळीवाड्यातली, माझ्याच वयाची. "मंग मासली सुकवायची कुठं? तुमच्या गच्चीवर?"

"वहिनी, बसा. गावाचा विकास होतोय."

"विकास होतोय तं तुमचा आंगन द्या ना त्याला. आमचाच बरा दिसतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "सासूच्या हाताखाली तयार झालीय." पुन्हा हसू. ती हसली नाही. माझ्याकडे वळली. "मॅडम, माझा विरोध लिवा. माझ्या नावानी लिवा. तुमच्या पप्पांनी माझ्या सासूचा केला, तसा नका करू."

तेव्हा मात्र मोबाइलवरची डोकी वर आली.

तिची सासू तुमच्या वेळी सदस्य होती. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक, आणि सभेत तर कोणी तोंड उघडत नाही. म्हणून तुम्ही एका वहीत नंबर लावले होते. या ठरावाला हा अनुमोदक, पुढच्याला तो. कोणाचं नाव कमी आलं म्हणून रुसायला नको. जेवताना तुम्ही हे अभिमानाने सांगायचात, याला तुम्ही न्याय म्हणायचात. पहिल्या अर्ध्या मैदानाच्या ठरावाला ती बाई उभी राहून नाही म्हणाली, आणि वहीत त्या ठरावाला अनुमोदक म्हणून तिचाच नंबर होता. तुम्ही तिचं नाव लिहिलंत. ती तक्रार घेऊन तालुक्याला गेली, तर साहेबांनी नक्कल तिच्यापुढे सरकवली. बाई, तुम्हीच अनुमोदन दिलंय. तिला वाचता येत नव्हतं.

तिथून ती सरळ आपल्या घरी आली. मी तेव्हा दहा वर्षांची, स्वयंपाकघरात पाढे लिहीत बसले होते. एरवी ती येताना कागदात सुक्या कोळंबीचे सोडे बांधून आणायची, त्या दिवशी रिकाम्या हाताने आली. ओट्याशी उभी राहून म्हणाली, "भाऊसाहेब, मी नाय बोलली ती सगल्यांनी आयकला. मंग माझा नाव कसा टाकला?"

तुम्ही बशीत चहा ओतत होतात. म्हणालात, "काकू, त्या ठरावाला नंबर तुमचा होता."

मी विचारलं, "पण त्या नाही म्हणाल्या होत्या ना?" तुम्ही म्हणालात, "मोठ्यांच्यात बोलू नये. बाहेर जाऊन अभ्यास कर." ती निघून गेल्यावर आई तिने न शिवलेल्या चहावर धरलेली साय बघत राहिली होती.

तुम्ही लबाड नव्हतात. लबाड माणसाला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं. तुम्ही नीटनेटके होतात. वर्षानुवर्षं मी तुमची बाजू घेतली. सरपंचांचा दबाव असेल, बदलीची धमकी असेल, आम्ही लहान होतो. तुम्ही घाबरला असणार, असं ठरवून टाकलं, म्हणजे माया करता यायची.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्त लिहिलं. तिचा विरोध तिच्या नावानिशी, तिच्या कारणासकट. अनुमोदकाच्या जागी लिहायला कोणाच्या तोंडून आलेलं नाव नव्हतं, ती जागा कोरी ठेवून रेघ मारली. सरपंच फोनवर बोलत होते. "कुठे सही?" म्हणाले. मी बोट ठेवलं. त्यांनी केली. उद्या हे त्यांना कळलं तर माझी बदली होईल, पण कळायला आधी वाचावं लागेल.

शिक्का मारून नक्कल मी तिच्या हातात दिली. तिने ती उभ्याउभ्या वाचली, स्वतःचं नाव दोनदा वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवली. "आता तालुक्याला जाते," एवढंच म्हणाली. मैदान वाचेल की नाही, मला माहीत नाही.

विरोधाची ती ओळ लिहायला मला दोन मिनिटं लागली, बाबा. तुमच्या सरपंचांनीही वाचलं नसतं. ते इतकं सोपं होतं, हे तुम्हाला कळू नये, आईलाही कळू नये, असं मला अजूनही वाटतं. म्हणून हा कागद आईच्या हाती लागण्याआधी फाडणार आहे.