फाटक जसं सापडलं तसं

तीर्थरूप विनीआत्या,

इतक्या लांबून तुझ्या गालाला गाल लावता येत नाही, म्हणून तो या कागदालाच लावला आहे. (वरच्या कोपऱ्यातला शाईचा डाग त्याचाच.) तुझा गुडघा कसा आहे? त्याला शेक देतेस ना, की नुसत्या शिव्याच? कोंबड्या बऱ्या आहेत? आणि तुझा भोपळा? प्रदर्शन जवळ आलं म्हणून विचारते. वेल, पानं, देठ, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा आहे. दुसरं काही कारण नाही.

आम्ही ॲडलेडला सुखरूप पोचलो आणि काल दिवसभर शहर पाहिलं. म्हणजे पाहायचं ठरवलं होतं. खरं लिहायचं तर (खोटं पत्र लिहिण्यापेक्षा पत्र न लिहिलेलं बरं, हे तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून पहिल्याच दिवशी शिकवलंस) क्लेमला मला एकच गोष्ट दाखवायची होती, ती म्हणजे समुद्र. मी तो कधीच पाहिला नाही हे लग्नाआधी त्याला कळलं आणि तेव्हापासून तो असा अस्वस्थ होता, जणू चूक त्याचीच. काल नाही तर मग नाहीच, कारण आज त्याच्या आईकडे पंधरा दिवसांसाठी जायचंय आणि तिथे नजर जाईल तिथवर फक्त द्राक्षं.

सकाळी निघालो तर क्लेमचं बोट आडवं आलं. आपल्याकडे समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतो. क्लेमने ते इथे रस्त्याने चालताना सुरू केलं. पहिल्या चौकापर्यंत त्याचं बोट दुखायला लागलं आणि ओळख कोणी परत दिली नाही. मग त्याने एका बसच्या ड्रायव्हरला बोट दाखवलं आणि बस थांबली. दार उघडलं. आता त्या भल्या माणसाला आम्ही नुसती ओळख देत होतो असं कसं सांगायचं? मी क्लेमला आत ढकललं. बस समुद्राच्या बरोबर उलट्या दिशेला जात होती आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उतरायचं मला काही धाडस झालं नाही. (थांबवून घ्यायचं आणि लगेच उतरायचं, हे बरं दिसत नाही.)

शेवटच्या थांब्यावर गुलाबांची एक बाग होती. आलोच आहोत तर बघू म्हणून गेलो. बागेला लोखंडी फाटक होतं आणि ते उघडं होतं. बाहेर पडताना मागून बाबागाडी घेऊन एक बाई आली, तिच्यासाठी मी फाटक धरलं, ती गेली, मी गेले. एवढंच.

मग आम्ही समुद्राकडे जाणारी ट्राम पकडली. अगदी खारट वास यायला लागला, क्लेम खिडकीबाहेर मान काढून हसायला लागला, आणि मला ते फाटक आठवलं. धरलं होतं हे नक्की. मग सोडलं की लावलं? आत्या, मला बाराखडीच्या आधी फाटक शिकवणारी तूच. जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद असेल तर बंद; उघडं असेल तर उघडं, कारण कोणीतरी विचार करूनच ते उघडं ठेवलेलं असतं, गुरांना पाण्यावर यायचं असतं. आणि शेवटून जाणाऱ्याची जबाबदारी. शेवटून मी होते.

क्लेमला सांगितलं.

"हेस्टर, ते शहराचं फाटक आहे. त्याला बघणारा कोणी असेल."

"आणि नसला तर?"

"तर काय गुलाब उधळणार आहेत?"

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि ट्रामची दोरी स्वतःच ओढली. (तू म्हणाली होतीस, नवरा निवडताना त्याचे दात बघू नकोस, तो कशासाठी गाडी थांबवतो ते बघ. निवड चुकली नाही.)

परत गेलो तर फाटक बंद! म्हणजे सापडलं होतं उघडं आणि मी केलं बंद. मी ते उघडलं, पण ते आता वाऱ्याने मिटत होतं, म्हणून क्लेमच्या टायने बांधलं. (टाय काढायचं निमित्त मिळालं म्हणून तोही खूश.) मन हलकं झालं. समोरच्या बाकावर बसून आम्ही सँडविच सोडली. तोच फाटकातून बदकं बाहेर आली. आई पुढे, पिल्लं मागे, आणि त्यांच्यामागे सगळं नातेवाईक मंडळ, ते थेट ट्रामच्या रुळांवर जाऊन बसलं. फाटकावर एक पाटी होती, "बदकं आहेत, लावून घ्या." टाय मी नेमका तिच्यावरच बांधला होता.

ट्राम थांबली, मोटारी थांबल्या. क्लेमने टोपी काढली, तो एका बाजूने, मी दुसऱ्या. त्याने गुरं वळताना कुत्र्याला घालतो ती शिट्टी घातली, तर कोणाचा तरी लाडावलेला, पट्ट्याला रिबीन बांधलेला कुत्रा हातातून सुटून आला आणि जन्मात पहिल्यांदा कामाला लागला. बदकं रांगेत आत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, पुढचा खेळ कुठे आहे असं विचारलं. शहर आम्ही पाहायचं राहिलं, शहराने मात्र आम्हाला पोटभर पाहिलं. माळ्याने हे कोणी बांधलं विचारल्यावर मी तोंड उघडायच्या आत क्लेम म्हणाला, "मी. टाय माझाच आहे."

समुद्रावर पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं. दिसला त्याहून जास्त ऐकूच आला. मी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.

"काय शोधतेस?" क्लेम म्हणाला.

"कुंपण."

"नाही गं. याला फाटकच नाही."

आत्या, मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. दिवस फार छान गेला. काळजी करू नकोस.

तुझी,
हेस्टर

ता. क. - वाळूत मासे खात असताना क्लेम एकदम चावायचा थांबला आणि म्हणाला, आपण निघालो तेव्हा बिशपचं फाटक कोणी लावलं? नियमाने शेजारी बसणाऱ्याने, म्हणजे मी लावायचं, पण माझ्या मांडीवर तू दिलेला केक होता, म्हणून तो उतरला. तो म्हणतो, मी फक्त उघडायला उतरलो होतो. मला वाटलं, लावायलाही. बिशप वळू असला तरी स्वभावाने गरीब आहे, पण त्याला भोपळा आवडतो हे तुला माहीत आहेच.

ता. क. २ - आपल्या बोलायच्या रेडिओवर कळवलं असतं, पण तो सगळा मुलूख ऐकतो. टपालाचं विमान निदान तोंड मिटून येतं.

ता. क. ३ - खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. तू रोज सकाळी त्या फाटकातून जातेस. ते उघडं सापडलं असेल, तर तू ते रोज नेमाने उघडंच ठेवत असशील. आत्या, या एकदाच, माझ्यासाठी, लावून घे.