कोऱ्या कोपऱ्याला पहिलं बक्षीस

आदिलाबाद, रविवार, डिसेंबर १९९३

अजून डोकं तापलेलंच आहे. कॉलेजच्या प्रदर्शनात माझं, आपल्या निर्मल गावच्या जुन्या चित्रकारांच्या पद्धतीचं, हरणांचं चित्र होतं, दीड महिना खपून काढलेलं. ह्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरला वाटेल तशा रेघा ओढायला लावल्या आणि तो कागद गंमत म्हणून शेजारी टांगला. प्रिंटरची रिबन अडकली, म्हणून त्याचा एक कोपरा कोराच राहिला.

नागपूरहून आलेले परीक्षक माझ्या हरणांना “शोभेचं काम” म्हणून पुढे गेले. त्या कोऱ्या कोपऱ्यापुढे मात्र डोळे मिटून उभे! म्हणे, “इथं मौन आक्रोश करतं.” कोरा कोपरा आणि आक्रोश! पहिलं बक्षीस त्यालाच.

हे बिचारे ओशाळून उठले. “साहेब, तिथं रिबन अटकली होती. मशीननं काढलं हे, मी नाही. बक्षीस हिच्या हरणांना द्या.”

परीक्षक हसले. “कलावंताला स्वतःची कला कळतेच असं नाही.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काऊन? त्या माणसाचा राग आहेच, पण माझ्या या हातांचा जास्त येऊन राह्यला.