नावाड्याचा आवाज

५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

या बेटावरच्या हवामान केंद्रात नेट नाही. आठवड्याला येणारी मालाची बोट हेच टपाल. म्हणून तुलाच साकडं घालतोय. घरच्या कॉम्प्युटरवरच्या माझ्या खेळाची नवी आवृत्ती वीस तारखेला येतेय. त्यात मी घातलेले चारशे बारा मॉड, म्हणजे लोकांनी खेळाला केलेल्या जोडण्या, अपडेट केले नाहीत तर सगळं कोलमडेल. तू ग्रंथपाल, पसारा आवरणं तुझ्या रक्तातच आहे. जुने, दुबार ते काढ, नवे उतरवून घे.

फक्त ‘नावाडी’ला धक्का लावू नकोस. तो मी बनवलाय. त्यातला नावाडी बाबांच्या आवाजात बोलतो. ते जायच्या आदल्या वर्षी मी त्यांच्याकडून बारा वाक्यं वदवून घेतली होती. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. आईला कळू देऊ नकोस, तिला सोसणार नाही.

लोभ आहे, काम झाल्यावर आणखी वाढेल.
तुझा धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

चारशे बारा! अरे, खेळतोस कधी? नुसत्या झाडांचेच एकोणीस! तीन दिवस डोळ्यांच्या खाचा झाल्या. ग्रंथालयासारखी यादी केली: नाव, कर्ता, आवृत्ती. कर्त्याचं नाव नाही ते बाद, हा आमचा नियम. असे सत्तावीस निघाले. पुसले, कचरापेटीही रिकामी केली. ‘नावाडी’ मात्र तळहातावरच्या फोडासारखा जपला.

मग खेळ लावून त्याच्यापाशी गेले. तो तोंड हलवतो रे, आवाजच येत नाही. काय चुकलं ते कळव. आई शेजारच्या खोलीत मशीनवर शिवतेय आणि मी काहीच झालं नसल्यासारखी वावरतेय.

लोभ असावा, शिल्लक असेल तर.
ताई

२२ मार्च

ती. ताईस सा. न.

आवाज ‘जुने आवाज’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये होते. हे सांगायचं राहिलं, चूक माझी. पण घरी केलेल्या गोष्टीवर कर्त्याचं नाव कोण घालतं गं? दुसरी प्रत माझ्या फोनमध्ये होती, तो इथे आलो तेव्हाच बोटीतून उतरताना समुद्रात पडला. रागावलो नाही असं लिहिलं तर खोटं ठरेल. दोन पत्रं फाडून हे तिसरं लिहितोय. कॉम्प्युटर बंद ठेव. पुसलेलं परत काढणारा कुणी मिळतो का बघ.

लोभाचं काय ते मग बघू.
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

दुरुस्तीवाल्याने हात टेकले. घरी येऊन आईसमोर हमसून हमसून रडले, सगळं सांगून टाकलं. ती उठली आणि बटणांच्या डब्यातून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. कापडाला कात्री लावण्याआधी नमुना काढून ठेवायचा, ही तिची जन्माची सवय. मी आवरायला बसणार म्हटल्यावर तिने आदल्याच दिवशी सगळं उतरवून घेतलं होतं. नावाडी पुन्हा बोलतोय. पुढचं तीच लिहितेय.

बाळा, तू गेल्यापासून रोज दुपारी मी नावाड्यापाशी जाऊन बसते. तुम्हा दोघांना सोसणार नाही म्हणून बोलले नाही. सातवं वाक्य तू शेवटपर्यंत ऐकलेलं दिसत नाही. वाक्य संपल्यावर बाबा हळूच तुला विचारतात, की झालं का, आई केव्हाची चहाला हाका मारतेय. नीट कान दे. मागे मी हाका मारतेय.

दोघांवर लोभ आहेच.
आई