सुमित्राला उचलायचं कोणी

मी, बंडू श्रावणजी चरडे, वय अडुसष्ट, धंदा भाजीपाल्याची शेती, राहणार केळझर, तालुका सेलू, जिल्हा वर्धा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, कोणी धाकदपटशा केलेला नाही आणि सकाळपासून चहाशिवाय काही प्यायलेलो नाही. हृदय तेवढं कामातून गेलं आहे. डॉक्टर म्हणाले, "बंडूजी, आता वजन उचलणं बंद." माझ्या बायकोला, सुमित्राला, वजन म्हणाले! मी तसाच घरी आलो आणि तिला पलंगावरून खुर्चीत घेतलं. छातीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून हा कागद.

१. राहतं घर आणि विहिरीजवळचा वांग्याचा तुकडा माझी पत्नी सुमित्रा हिचा, ती हयात असेपर्यंत. तिच्यानंतर मुलगी आचलचा. आचल पुलगावला नांदते, तिची सासूही अंथरुणाला खिळलेली आहे. "आईला टाकलं" म्हणून तिला कोणी टोचून बोलू नये.

२. वाळवण काढायला स्लॅबवर गेली आणि तिथून खाली पडली, तेव्हापासून सुमित्राचं मानेखाली काहीच हलत नाही. चाकाची खुर्ची, सागवानी फळी आणि कमरेचा पट्टा तिच्याजवळच राहील. उचलणाऱ्याने आधी तिला सांगावं, मग हात लावावा. खुर्ची पलंगाला चिकटवून ब्रेक लावावा. पट्टा बांधावा. आपली कंबर नाही, गुडघे वाकवावे आणि तिला फळीवरून हळू सरकवावं. दोघं लागतात, एकाने मागून मान आणि धड सांभाळायचं. मी एकटा करत आलो, माझी नक्कल करू नये. काखेत हात घालून ओढायचं तर मुळीच नाही. ती काय कोबीचं पोतं आहे? खांदा निखळतो आणि तिला कळतसुद्धा नाही.

३. फवारणीचा पंप शेजारच्या तानबाला. तो गळतो. मागून मला शिव्या देऊ नये.

४. थोरले भाऊ प्रभाकरराव, राहणार याच अंगणात, यांना काही नाही. कारण लिहितो. मी वर्ध्याच्या बाजारात गेलतो. सुमित्रा खुर्चीतून घसरून खाली पडली. तिचा आवाज ऐकून दादा आले आणि दारातच थांबले. भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, भावसुनेला शिवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. एखादी बाई सापडते का म्हणून गल्लीभर फिरले, पण सगळ्या बाया वावरात. मी आलो तेव्हा ती फरशीवर, गाल टेकलेला. मला म्हणते, "अवो, दादाजी दारात हायेत. माह्या डोक्यावर पदर घ्या ना." माझं काळीज फाटलं. मी ओरडलो, "दादा, गाय पडली असती तर उचलली असती ना तुमी?" तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

५. मी गेल्यावर माझी तिरडी घाईने उचलू नये. सुमित्राला पलंगावर एकटीला रडू देऊ नका, तिला स्वतःचे डोळेही पुसता येत नाहीत. तिला खुर्चीत बसवून माझ्याजवळ आणावं, तिचा हात माझ्या तोंडावरून फिरवावा. हे प्रभाकररावांनी स्वतः करावं, सोबतीला तानबाला घ्यावं. आणि त्यानंतर रोज करावं. अंगणात दुसरं आहे कोण? करणार नसतील तर त्यांनी मला खांदाही देऊ नये. दादा, मले मरायचं भेव नाई. ती पडून राहीन, कोणी उचलनार नाई, याचं भेव हाये.

सुमित्राला सगळं वाचून दाखवलं. ती रडली, डोळे मी पुसले.

ठिकाण : केळझर
दिनांक : ९ डिसेंबर २०२४
सही : बंडू श्रावणजी चरडे

आमच्यादेखत सही केली :

१. कौशल्याबाई वानखेडे, शेजारी

२. प्रभाकर श्रावणजी चरडे. कौशल्याबाईनं बलावलं म्हणून आलो. सारं वाचलं. बंडू, सुमित्राले विचार, मी आत येऊ काय? तू हायेस तोवरच मले शिकव.