जागा उरली तर

ता. ४ जून

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे माझ्या कॉलेजवरून घरात रोज संमेलन भरतं. इथल्या मोठ्या कॉलेजात मला प्रवेश मिळालाय, पण पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच आणि विषय दुसऱ्या वर्षी मार्कांवर वाटणार. नकाशाशास्त्राच्या जागा वीस आणि मागणारे दीडशे. नाही मिळाली तर सांख्यिकीत बसवतील. तुझ्या गावातल्या छोट्या कॉलेजात नकाशाशास्त्र पहिल्या दिवसापासून शिकवतात. तिथे अर्ज करून तीन आठवडे झाले, पण अजून हूं की चूं नाही. इथली जागा मात्र पंधरा तारखेच्या आत पक्की करायची आहे.

बाबा पंपघरातून आले की मोठ्या कॉलेजचे गुण गातात. ग्रंथालय तीन मजली, कॅन्टीन स्वच्छ. काल तर तिथल्या जिन्याचं कौतुक झालं. आई म्हणते, एवढं कौतुक त्यांनी लग्नात तिचंही केलं नव्हतं.

मला दोन्ही चालतील, खरंच. तू मुद्दाम चौकशीला जाऊ नकोस. सहज त्या बाजूला गेलीस तर बघ.

तुझी,
भिंगरी


ता. ८ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

'सहज त्या बाजूला गेलीस तर' म्हणजे 'आत्या, आजच्या आज पळ', हे मला कळणार नाही असं वाटलं का तुला? तुझ्या बाबाची थोरली बहीण आहे मी. छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि गेले.

कॉलेज लहान आहे, भिंतींना रंग हवाय. पण एका खोलीत दोन मुली जमिनीवर भलामोठा कागद पसरून, पालथ्या पडून नकाशा काढत होत्या, आणि त्यांचे सर कागदावर पाय पडू नये म्हणून भिंतीला खेटून चालत होते. मला ते फार आवडलं.

मग प्रवेशाच्या खिडकीपाशी गेले. तिथल्या कारकुनांनी तुझा अर्ज काढला तो शिल्लक जागांच्या गठ्ठ्यातून! मी म्हटलं, हिचे मार्क तर पहिल्या दहांत बसतील. तेव्हा त्यांनी अर्जाच्या शेवटी बोट ठेवलं. तुझं टपोरं अक्षर: 'इतरांना देऊन जागा उरली, तर माझा विचार व्हावा.' मुलीनं स्वतःच लिहिलंय, तेव्हा उरेपर्यंत थांबायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या माणसाचं काही चुकलं नाही गं. मी इतकी वर्षं मुद्रितं तपासतेय, पण एवढी मोठी चूक इतक्या शुद्ध वाक्यात कधी पाहिली नव्हती. भर खिडकीपाशी मला हसूही आलं आणि रडूही.

हा आपल्या घरचा रोग आहे. हवं ते मागायची वेळ आली की आपली जीभ टाळ्याला चिकटते. तुझ्या बाबाला लहानपणी सायकल हवी होती, तर हा आजोबांना सांगत बसला की चालण्यानं प्रकृती ठणठणीत राहते. आजोबांना ते पटलं. मग सहा वर्षं बसला चालत.

आता नीट ऐक. दोन जागा राहिल्या आहेत. मी गळ घातली, पण मुलीनं स्वतः येऊन लिहून द्यायला हवं म्हणाले, तेही शुक्रवारपर्यंत. हे पत्र बाबाला दाखव आणि नीघ. तिथे 'जमल्यास' असा शब्द लिहिलास तर घरात घेणार नाही.

तुझी,
आत्या


ता. १४ जून

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. परवा तुझ्याकडे जेवताना बाबा समोर होते, म्हणून सगळं सांगता आलं नाही.

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाले की शुक्रवारची रजा टाकतो. खिडकीपाशी माझा पहिला कागद फुकट गेला. त्यावर मी 'कृपया शक्य असेल तर' लिहून बसले होते! बाबांनी तो माझ्या हातातून घेतला, घडी करून खिशात घातला आणि कारकुनांकडे दुसरा मागितला. त्यावर मी लिहिलं: 'मला नकाशाशास्त्रच शिकायचं आहे आणि इथेच शिकायचं आहे. माझी जागा मला द्या.' कारकुनांनी वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाले, आता कळलं. झालं! महिनाभर झोप उडाली होती ती एवढ्यासाठी. बाहेर पायरीवर बसून मी मनसोक्त रडले आणि मग सपाटून भूक लागली. तुझ्या ताटातलंही मी संपवलं, त्याचं कारण हे.

येताना बसमध्ये बाबा बाहेर तोंड करून बसले. मला वाटलं रागावले. अर्ध्या वाटेत, बाहेर बघत बघतच म्हणाले की त्या ग्रंथालयाशी आणि जिन्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. 'ते कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर आहे, रोज संध्याकाळी तू घरी आली असतीस, म्हणून मी त्याचं कौतुक करत होतो.' मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, आधी सांगितलं असतं तर तू राहिली असतीस.

खरं आहे, आत्या. मी राहिले असते.

एक तारखेला सामान घेऊन येते. खिडकीजवळची खाट मला हवी आहे, आणि तुझी माया पण. दोन्ही सरळ मागतेय.

तुझी,
भिंगरी